परवाना मुलाचा, दक्षता घराची

शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तेवढ्याने वाहनचालक घडत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ३ सेकंदांत ५० मीटर जाते. नवशिक्याने तेवढाच वेळ भ्रमणध्वनीकडे पाहिले, तरी हे अंतर तो डोळे मिटूनच पार करतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकांनाही ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. सज्ञान मुलाच्या बाबतीत मात्र पालक मोकळे! वास्तविक ‘कुठे पोहोचलास?’ हा फोन बहुधा घरूनच जातो, आणि उचलला नाही तर रागावणारेही घरचेच. ‘दक्ष’ ही आज्ञा ज्यांच्या कानांवर रोज पडते, ती घरेही याला अपवाद नाहीत. वडिलांनी आधी हा फोन थांबवावा. मुलगा पोहोचल्यावर कळवीलच.