अब्बांची फियाट आणि सतरा नंबरचा फॉर्म

अब्बा मार्केट यार्डात एका आडत्याकडे ड्रायव्हर होते. शेठनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी प्रीमियर पद्मिनी, १९८९चं मॉडेल, अब्बांना हप्त्यावर दिली. आमच्या तोंडी ती कायम ‘फियाट’च. अब्बा गेल्यावर नऊ वर्षं ती घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. पत्रा कुजला, उंदरांनी वायरी कुरतडल्या. सरकारच्या २०२१च्या नियमाप्रमाणे ५० वर्षं झाल्याशिवाय गाडी ‘व्हिंटेज’ होत नाही. म्हणजे कागदावर ही नुसती जुनी गाडी. दर पाच वर्षांनी पासिंग करा, नाहीतर भंगारात द्या.

गेल्या वर्षी मी ती दुरुस्त करायला काढली, तीही एका शाळासोबत्याच्या जिवावर. तो आठवीत शाळा सोडून गॅरेजला लागला. मी बीएड करून मास्तर झालो. सात महिने तो इशाच्या नमाजनंतर हत्यारांची पिशवी घेऊन यायचा. मी नाना पेठेतून आणि जुन्या बाजारातून सामान शोधून आणायचो. टाकीतला गंज काढला, कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केले, जाम झालेले ब्रेक सोडवले. इंजिन सुरू झालं तेव्हा आतून टकटक यायला लागली. त्याने लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला म्हणाला, “मास्तर, पहले सुनो, फिर खोलो.” टॅपेट सैल होते. न उघडताच त्याला कळलं होतं.

त्या रात्री मला माझंच एक वाक्य आठवलं. “अभ्यास केला नाहीस तर गॅरेजला जावं लागेल,” असं मी वर्गात कितीदा तरी म्हटलंय. आपल्या बहुतेक घरांत हे वाक्य ऐकू येतं. ज्या कामावर मोहल्ल्यातली कितीतरी घरं चालतात, त्याच कामाची आपण मुलांना धमकी देतो. उर्दूत शिक्षकाला उस्ताद म्हणतात. शाळेत मुलं मला ‘सर’ म्हणतात. गॅरेजमधली पोरं मात्र माझ्या मित्राला ‘उस्ताद’च म्हणतात.

पण तुम्ही म्हणाल, मग शाळा कशाला? हाच प्रश्न मी त्याला विचारला. तो हसला नाही. मजुरी घेत नव्हता, ती त्याने त्या दिवशी मागितली. त्याच्याकडे सोळा वर्षांचा एक मुलगा काम करतो. नववीत गणितात नापास होऊन त्याने शाळा सोडली. “ह्याला दहावी करून दे, हीच माझी मजुरी,” मित्र म्हणाला.

कारण साधं आहे. कार्ब्युरेटरचा जमाना संपला. आजच्या गाडीत सेन्सर असतात. बिघाड स्कॅनरवर दिसतो, आणि स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचता आलं पाहिजे. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या कोर्सला दहावी लागते. शाळा सुटलेल्या मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. हे गॅरेजमध्ये कुणाला ठाऊक नसतं आणि आम्ही मास्तर तिथे जाऊन सांगत नाही.

मुलगा आता माझ्याकडे येतो. दशांश अपूर्णांक म्हटलं की घाबरायचा. मी त्याच्याच हातातला फिलर गेज टेबलावर ठेवला. ०.४०ची पट्टी, ०.४५ची पट्टी. “ह्यातली जाड कुठली?” त्याने क्षणात उचलून दाखवली. पॉइंटचा गॅप तो रोज ह्याच पट्ट्यांनी लावतो. दशांश त्याला येत होतेच, आम्ही शाळेत त्याला ते ओळखू दिले नाहीत.

म्हणून गॅरेजवाल्या भावांना माझी विनंती आहे: चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवू नका, तो गुन्हा आहे. त्यापुढच्या मुलाला रोज दोन तास अभ्यासाला सोडा. आणि आम्हा शिक्षकांनी गॅरेजची धमकी देणं बंद करावं. मी केली आहे.

फियाटच्या पासिंगचे कागद अजून व्हायचे आहेत. मुलाचा फॉर्म मात्र भरून झाला.