एसटी आली नाही त्या दिवशी घरी कोण राहतं?

सकाळची गाडी आज येणार की नाही, हे चकलांब्यात कुणी छातीठोकपणे सांगत नाही. दप्तर पाठीला लावलेल्या मुली, बाजाराला निघालेली म्हातारी, दवाखान्याची चिठ्ठी खिशात घातलेला बाप, तहसीलमध्ये दाखल्यासाठी तिसऱ्यांदा निघालेला तरुण, सगळे रस्त्याकडे डोळे लावून उभे असतात. अर्धा तास जातो, पाऊण तास जातो. ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे ते निघून जातात. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते काळीपिवळीत दाटीवाटीने बसतात. शेवटी जे उरतात त्यांच्याकडे नीट पाहिलं, की गावाची अख्खी उतरंड दिसते. मुली, म्हातारी माणसं, मजूर बाया आणि वस्तीवरचे लोक.

आम्ही गेवराई तालुक्यातल्या नगर जिल्ह्याच्या हद्दीकडच्या या पट्ट्यात वस्त्यांवर काम करतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, अत्याचाराच्या केसेस, महिलांच्या बैठका ही आमची कामं. यातलं जवळपास प्रत्येक काम कुठे ना कुठे एसटीच्या वेळेपाशी येऊन अडतं. गेल्या पावसाळ्यात अकरावीतल्या एका मुलीच्या वडिलांना आम्ही भेटलो. मुलगी आठ दिवसांपासून कॉलेजला गेलेली नव्हती. आम्हाला वाटलं, लग्नाचं चाललंय. वडील म्हणाले, "तसं काय न्हाई दादा. पोरगी हुशार हाये. पण सांजच्याला गाडी नसली की अंधारात चालत येती. मपल्या जिवाला घोर लागतो. कशाला धाडू?"

त्या बापाला शिक्षणाचं महत्त्व पटवून देण्याची गरज नव्हती. ते त्याला आमच्याइतकंच कळत होतं. त्याच्यापुढचा प्रश्न संध्याकाळच्या एका फेरीचा होता.

प्रवास आणि जात

बसचा प्रश्न हा 'गैरसोयी'चा प्रश्न म्हणून मांडला जातो. वर्तमानपत्रात 'प्रवाशांचे हाल' असा मथळा येतो आणि विषय संपतो. आपल्यासाठी तो एवढाच नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये अस्पृश्यता काय असते हे परक्या माणसाला समजावं म्हणून जे प्रसंग निवडले, त्यातले कितीतरी प्रवासातले आहेत. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान मुलांना जात कळल्यावर गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांनीच बैलगाडी हाकायची आणि गाडीवाल्याने सोबत पायी चालायचं, असा तोडगा निघाला. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना न्यायला नकार दिला. वस्तीतल्या माणसाने सवय नसताना टांगा हाकला, मोरीजवळ अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. म्हणजे गाडी कुणाची, ती कोण हाकणार आणि कुणाला बसू देणार, हा आपल्याकडे कायम जातीचा प्रश्न राहिला आहे.

या पार्श्वभूमीवर सार्वजनिक बसने काय केलं ते पाहा. आपल्या मराठवाड्यात निजाम राजवटीत १९३२ साली सरकारी बससेवा सुरू झाली. १ जून १९४८ रोजी नगर–पुणे मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी धावली. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर १९६१ साली मराठवाड्याची ही सेवा राज्य परिवहन महामंडळात आली. तिकीट काढलं की जागा मिळते, वाहक जात विचारत नाही, पाटलाच्या शेजारी वस्तीवरचा माणूस बसतो. कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली समता खेड्यातल्या माणसाने ज्या थोड्या ठिकाणी अंगाने अनुभवली, त्यात एसटीचं बाक आहे.

एसटी नसते तेव्हा तिची जागा खासगी गाड्या घेतात. काळीपिवळी, अॅपे रिक्षा किंवा गावातल्या कुणाची तरी जीप. ही वाहनं नसती तर अनेक गावं कधीच तुटली असती, हे खरं. पण तिथे वेळापत्रक नाही, पास नाही, सवलत नाही. गाडी कधी सुटणार, कोण पुढे बसणार आणि कुणाला टपावर बसवणार, हे गाडीमालक ठरवतो. गावात मजुरांनी रोजावरून तोंड उघडलं किंवा कुणी पोलिसात तक्रार दिली, की त्या गाडीत बसणंसुद्धा अवघड होतं. हक्काची सेवा गेली की माणूस पुन्हा मेहेरबानीवर येतो.

फेरी बंद कशी पडते?

खेड्यातली फेरी एका दिवसात बंद होत नाही. आधी ती उशिरा येऊ लागते. मग आठवड्यातून दोनदा रद्द होते. लोकांचा भरवसा उडतो, ते दुसरी सोय बघतात. मग 'भारमान कमी आहे' अशी नोंद होते आणि त्या नोंदीच्या आधारे फेरी बंद केली जाते. भारमान म्हणजे गाडीच्या क्षमतेच्या तुलनेत भरलेल्या जागा. हा आकडा खोटा नसतो. पण गाडीच वेळेवर नव्हती म्हणून प्रवासी नव्हते, ही गोष्ट त्या आकड्यात दिसत नाही.

या घोळाची मुळं कायद्यातही आहेत. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याच्या कलम १८ नुसार पुरेशी, कार्यक्षम आणि किफायतशीर सेवा देणं हे महामंडळाचं कर्तव्य आहे. त्याच कायद्याचं कलम २२ सांगतं, की महामंडळाने व्यापारी तत्त्वावर काम करावं. पैसा असतो तोपर्यंत दोन्ही कलमं एकत्र नांदतात. तोटा वाढला की २२ वं कलम १८ व्याला गिळतं. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने एसटीची श्वेतपत्रिका काढली, तेव्हा साचलेला तोटा १० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेलेला होता.

कोरोनापूर्वी एसटीकडे साधारण १८ हजार गाड्या होत्या. त्यानंतर जुन्या गाड्या भंगारात गेल्या, नव्या त्या वेगाने आल्या नाहीत. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला आणि त्या काळात खेड्यातला प्रवासी खासगी गाड्यांकडे वळला. आता नव्या गाड्या येत आहेत. ५,१५० विद्युत बसचा करार झाला आहे, स्वमालकीच्या साध्या गाड्याही घेतल्या जात आहेत. पण गाड्या कमी असताना आगारात रोज एक निवड करावी लागते, की आज कोणती फेरी रद्द करायची? पुण्याची गाडी रद्द केली तर बोंब होते, उत्पन्न बुडतं. खेड्याची फेरी रद्द केली तर चार मुली आणि दोन म्हाताऱ्या घरी परत जातात. त्यांची बोंब कुठेच नोंदली जात नाही. म्हणून गेवराईतून जाणाऱ्या सोलापूर–धुळे महामार्गावर रात्रीबेरात्रीही लांब पल्ल्याची गाडी मिळते आणि आतल्या गावाला मात्र दिवसाउजेडी मिळत नाही.

आपल्या भागाच्या आणखी दोन अडचणी आहेत. पहिली ऊसतोडीची. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं. नेमक्या त्याच काळात प्रवासी घटतात आणि ज्यांना गाडीची सर्वात जास्त गरज आहे त्यांचीच फेरी 'परवडेनाशी' होते. दुसरी अडचण हद्दीची. उमापूर, चकलांबा या पट्ट्यातल्या माणसाचा बाजार, सोयरीक, दवाखाना हे सगळं शेवगाव–पाथर्डीकडेही आहे. पण एसटीचे विभाग जिल्ह्यानुसार आहेत. हद्दीवरचं गाव दोन्ही विभागांच्या शेवटच्या टोकाला पडतं आणि टोकाची फेरी आधी कापली जाते.

पूर्वी यावर एक उपाय होता, मुक्कामी गाडीचा. रात्री गाडी गावात यायची, चालक-वाहक गावातच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला जायची. कॉलेजची पोरं, भाजीवाल्या बाया, कोर्टाची तारीख असलेला माणूस, सगळ्यांची सोय व्हायची. मुक्कामी गाड्या कमी झाल्या आणि गावाची सकाळच उशिरा सुरू होऊ लागली. त्यात चालक-वाहकांचा दोष नाही. त्यांना झोपायला धड खोली नाही, शौचालय नाही, पाणी नाही, अशा ठिकाणी मुक्काम करा म्हणणंही अन्यायच आहे.

सवलत आहे, गाडी नाही

२६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. या योजनांचं आम्ही मनापासून स्वागत केलं. आमच्या बैठकांना येणाऱ्या बाया आता घरच्यांकडे पैसे न मागता तालुक्याला जातात, हा बदल आम्ही पाहिला आहे.

पण सवलत तिकिटावर मिळते आणि तिकीट गाडीत मिळतं. गाडीच नसेल तर निम्म्या तिकिटाचा अर्थ काय? ज्या बाईची फेरी रद्द झाली ती काळीपिवळीला पूर्ण पैसे मोजते. म्हणजे महामार्गावरच्या बाईला सवलतीचा पूर्ण लाभ आणि आडवळणाच्या गावातल्या बाईला शून्य. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. भाडं वाढलं तशी सेवा वाढली का, हे विचारण्याचा हक्क प्रवाशाला आहे.

पासची किंमत किती असते, हे मराठवाड्याने २०१५ च्या दुष्काळात पाहिलं आहे. एसटीच्या पाससाठी घरात पैसे नाहीत म्हणून लातूर जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने जीव दिला. त्यानंतर सरकारने दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना मोफत पास दिले. पासला पैसे नसणं आणि पास असून गाडी नसणं, दोन्हीत मुलगी घरीच बसते.

एका चुकलेल्या फेरीची किंमत

आपल्या मुलामुलींसाठी ही किंमत फार थेट आहे. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरीची अट आहे. पहिला तास रोज बुडाला, महिन्यातून पाच-सहा दिवस गाडी आली नाही, की हजेरी घसरते आणि शिष्यवृत्ती धोक्यात येते. कॉलेजच्या नोंदवहीत 'गैरहजर' एवढंच लिहिलेलं असतं, 'बस आली नाही' असं लिहायला रकाना नसतो. वसतिगृह आणि स्वाधार योजना हा काहींसाठी मार्ग आहे. पण जिला घरी धाकटी भावंडं सांभाळायची आहेत तिला तो मार्ग नाही.

दुसरी बाब अत्याचाराच्या केसेसची. तारखेला फिर्यादी आणि साक्षीदार बीडला वेळेवर पोहोचले पाहिजेत. आरोपीकडे चारचाकी असते, फिर्यादी फाट्यावर उभा असतो. प्रत्येक तारखेला मजुरी बुडते, भाडं जातं, आणि दोन-तीन वर्षांत साक्षीदार थकतो. गाडीअभावी केस कशी कमजोर होते हे आम्ही जवळून पाहिलं आहे. कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावं, की १९९५ च्या अत्याचार प्रतिबंधक नियमांतल्या नियम ११ नुसार पीडित, त्यांच्यावर अवलंबून असलेले आणि साक्षीदार यांना प्रवास भत्ता मिळण्याचा अधिकार आहे. किती जण तो मागतात?

आता आपण काय करायचं?

एसटीच्या बोधचिन्हासोबत 'बहुजन हिताय बहुजन सुखाय' हे ब्रीद आहे. हे शब्द कुठून आले ते या वाचकांना सांगायला नको. सारनाथच्या पहिल्या वर्षावासानंतर तथागतांनी भिक्खूंना चारिकेला पाठवताना ते वापरले, आणि दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये असंही बजावलं. त्या सूचनेत वाहतुकीचं मोठं शहाणपण आहे. सगळेच मोठ्या रस्त्याने गेले तर आडवाटेच्या माणसापर्यंत कोण पोहोचणार? महामंडळाने ब्रीद घेतलं आहे, तर ही पुढची सूचनाही घ्यावी, एवढीच आपली मागणी आहे.

मागणीला पुरावा लागतो. 'गाडी येत नाही' असं तोंडी सांगून काही होत नाही, हा आमचा अनुभव आहे. एकदा आम्ही निवेदन घेऊन एका कार्यालयात गेलो. साहेबांनी कागद पुढे केला, त्यावर सगळ्या फेऱ्या 'सुरू' होत्या. आम्ही गप्प झालो, कारण आमच्याकडे कागद नव्हता. परत आल्यावर मुलींनीच वही सुरू केली. तारीख, ठरलेली वेळ, गाडी आली ती वेळ किंवा 'आली नाही', थांबलेल्या प्रवाशांची संख्या. रोज एक ओळ.

प्रत्येक गावात अशी वही सुरू करता येईल. सोबत माहिती अधिकारात मागील वर्षभरातल्या ठरलेल्या फेऱ्या, रद्द झालेल्या फेऱ्या, त्यांची कारणं आणि भारमान मागवता येतं. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. वही आणि उत्तर शेजारी ठेवलं की चर्चा बदलते. ग्रामसभेत ठराव घ्यावा, त्यात शाळा-कॉलेजची वेळ स्पष्ट लिहावी आणि मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकांच्या खोलीची जबाबदारी ग्रामपंचायतीने घ्यावी. रस्ता खराब असल्याचं कारण मिळालं, तर तेच लेखी घेऊन बांधकाम विभागाकडे जावं. एसटीने जुलै २०२४ पासून आगारांमध्ये तक्रारी ऐकण्यासाठी 'प्रवासी राजा दिन' सुरू केला आहे, तिथे वही घेऊन पाच-दहा जणांनी जावं.

वही वस्तीपुरती ठेवू नये. मराठा, वंजारी, धनगर, मुस्लिम घरातल्या मुलीही त्याच फाट्यावर उभ्या असतात. आरक्षणाच्या प्रश्नावरून जिल्ह्यात गावंच्या गावं दुभंगली असताना, एका गाडीसाठी सगळ्यांनी एका कागदावर सही करणं ही लहान गोष्ट नाही. आणि आपल्या संघटनांनाही विचारायला हवं, की जयंतीला डीजेची वर्गणी जमते, तर फाट्यावर पत्र्याची शेड आणि एक दिवा का जमत नाही?

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे पोहोचली. अनेक पिढ्यांची मागणी पूर्ण झाली, आनंदच आहे. पण रेल्वे बीडपर्यंत आली तरी चकलांब्याच्या मुलीला बीडपर्यंत एसटीनेच यायचं आहे.

ती अकरावीतली मुलगी आता पुन्हा कॉलेजला जाते आहे. फेरी अजून सुधारलेली नाही. संध्याकाळी गाडी चुकली तर वस्तीवरच्या दोन बाया बॅटरी घेऊन तिला घ्यायला जातात. हा तोडगा आहे, उत्तर नाही. वही तिच्याच दप्तरात असते.