घडवणाऱ्याचं नाव

वसुबारसेला गाय-वासराची पूजा झाली की आपली दिवाळी सुरू होते. अशाच गाई राखताना जीव दिलेली माणसं अजून गावात आहेत. कुणी मारुतीच्या पाराला टेकून, कुणी शाळेच्या कुंपणाशी पालथी, तर कुणावर चक्क धुणं धुतलं जातं. वीरगळ म्हणतात त्या दगडांना. खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर आणि शेजारी गुरं, वर लढाई, त्यावर त्याला घेऊन निघालेल्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तो, आणि माथ्याशी चंद्र-सूर्य. बोरिवलीच्या एक्सर गावातल्या वीरगळांवर तर वल्ह्यांची गलबतं आहेत. काही अभ्यासक त्यांचा संबंध शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातल्या, 1265च्या सुमाराच्या आरमारी लढाईशी जोडतात.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर एक अक्षर नाही. वीराचं नाव पुसलं गेलं. घडवणाऱ्याचं तर कधी लिहिलंच नव्हतं. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजीचं नाव आहे, पण ते बांधकामाच्या प्रमुखाचं. टाकी कुणी चालवली, ते पायरीलाच ठाऊक. याउलट साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे 46 जण पहिल्या महायुद्धातून परतले नाहीत, हे शंभर वर्षांनी आपल्याला सांगता येतं, कारण गावात त्यांचं स्मारक आहे.

अलीकडे गावोगावची तरुण पोरं हे दगड मातीतून वर काढू लागली आहेत. गडसंवर्धन करणाऱ्या मंडळांनी ही हवा तयार केली, त्याचं कौतुकच आहे. पण उत्साहाच्या भरात पुढे जे होतं ते पाहवत नाही. वीरगळाला चकचकीत ऑइलपेंट, तुटल्या जागी सिमेंटचा गोळा, आणि भोवती न्हाणीघरातल्या फरशा! (संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय हातही लावायचा नसतो, हे वेगळंच.)

जाणता पाथरवट आधी दगडावर हातोडीने हलकेच ठोकतो आणि कान देतो. खणखणीत वाजला तर दगड धड आहे. बद्द आवाज आला तर आत चीर. मगच तो ठरवतो, उभा करायचा की आधी सांधायचा. सांध्याला तो चुना मागतो. चुना मळायला वेळ लागतो, जुने लोक त्यात गूळ आणि हिरडा घालत. पण चुना ओल आत कोंडत नाही, आणि उद्या काढायचा झाला तर दगड न फोडता निघतो. सिमेंट काढताना कोरीव काम सोबत येतं.

हे जाणणारे हात कमी होत चालले. पाट्याला, जात्याला टाकी लावून देणारे दारोदार फिरत, ते मिक्सर आल्यावर दिसेनासे झाले. खाणीवर क्रशर आले. दगडाचं हे काम करणारा वडार समाज आपल्याकडे विमुक्त जातींच्या यादीत आहे. पिढीजात कसब असूनही पोट रोजंदारीवर. तरीही गावच्या समाधीचं काम निघालं की यांतले कितीतरी जण ‘देवाचं काम’ म्हणून मजुरी घेत नाहीत, वर घडवलेला दगडही देतात. पुढे सोहळा होतो, संगमरवरी पाटी लागते. तिच्यावर पाच हजारांच्या पुढचे देणगीदार येतात, उद्घाटक येतात, उद्घाटकांचे स्वीय सहायकही येतात. आठवड्याची मजुरी सोडणारा येत नाही. हातावर पोट असलेल्याने सोडलेली मजुरी ही त्या पाटीवरच्या कुठल्याही रकमेपेक्षा मोठी देणगी आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. आणि त्याने सोडली तरी आपण ती गृहीत धरू नये.

वाचकहो, सुट्टीत गावी जाल तेव्हा पारावरच्या मंडळींशी बोला. वीरगळ सावरायचा असेल तर रंगाचा डबा आणण्याआधी पाथरवटाला बोलवा, त्याला रीतसर मजुरी द्या, आणि पाटी लावणारच असाल तर पहिलं नाव त्याचं घाला.