डायलिसिसच्या खुर्चीत मोजे काढा

दादा, ताई, एक सांगा. आठवड्यातून तीनदा तुम्ही डायलिसिसला जाता. दर वेळी साडेतीन-चार तास खुर्चीत पाय लांब करून पडता. तिथे वजन करतात, बीपी बघतात, हाताचा फिस्टुला तपासतात. पण तुमचे मोजे काढायला शेवटचं कोणी सांगितलं होतं?

गेल्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीत आमच्या एका गाववाल्याला गाडीने डायलिसिसला सोडायचो. वय 52, गोदामात माल चढवायचं काम, साखर पंधरा वर्षांची. एके दिवशी गाडीत वास आला. घरी जाऊन बूट काढला, तर करंगळीच्या बाजूला रुपयाएवढी जखम आणि मोजा तिला चिकटलेला. त्याला पत्ताच नव्हता, कारण दुखत नव्हतं. दोनच दिवस आधी तो चार तास खुर्चीत पडून होता, पायांवर ब्लँकेट. शेवटी दोन बोटं गेली. नंतर कळलं की सेंटरने त्याला पायांच्या काळजीचं इंग्रजी पत्रक दिलं होतं आणि सही घेतली होती. म्हणजे कागदोपत्री त्याला 'शिकवलं' होतं.

माझं भांडण या 'शिकवलं' शब्दाशी आहे.

साखरेने पायाच्या नसा मरतात, मग खिळा टोचला तरी समजत नाही. किडनी गेलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांत चुना साठतो आणि त्या कडक होतात, त्यात मशीनवर असताना बीपी खाली आला की पायाला रक्त आणखी कमी पोचतं. जखम भरायला जे लागतं तेच कमी. सूज डायलिसिसच्या आधी जास्त, नंतर कमी, म्हणून सकाळी नीट बसणारा बूट संध्याकाळी घासतो. साखरेने डोळेही अधू झालेले असतात, वाकून तळवा दिसत नाही. अशा माणसाच्या हातात कागद देऊन काय होणार?

सुन्न पायाचं हे शास्त्र खरं तर आपल्याकडचंच. डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करायचे. बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून जखमा होत राहतात, हे त्यांनी दाखवून दिलं. 1966 मध्ये ते अमेरिकेत लुईझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तीच समज तिथून मधुमेहाच्या पायांपर्यंत पोचली. गावाकडे कुष्ठरुग्णांना मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळते आणि रोज पाय बघायला शिकवतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. तिथे पाय हातात घेऊन शिकवतात. इथे पत्रक.

आणि इथे खुर्चीतच पाय तपासणं अशक्य नाही. अमेरिकेतल्या एका ना-नफा डायलिसिस संस्थेने दर महिन्याला मधुमेही रुग्णांचे पाय बघायला सुरुवात केली. 2016 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात मोठ्या पाय-कापणीचं प्रमाण सुमारे 17 टक्के कमी झालेलं दिसलं. याला मोठं मशीन लागत नाही. मोजे काढायचे, बोटांच्या मधे बघायचं, नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून 'कळतंय का' विचारायचं.

म्हणून मागा. मेहरबानी म्हणून नाही. 2008 पासूनच्या केंद्र सरकारच्या नियमांत लिहिलंय की डायलिसिस रुग्णाला सगळी माहिती त्याला समजेल अशा पद्धतीने मिळाली पाहिजे. सरकारी पैसा घेणाऱ्या सेंटरला दुभाष्याची सोय फुकट करावी लागते. 'मराठी' असं स्पष्ट म्हणा, नाहीतर हिंदी ऐकत बसाल. फोनवरचा दुभाषा चालतो. शाळेतल्या पोराला दुभाषा करू नका. त्याला शब्द येत नाहीत, आणि बापाच्या सडलेल्या बोटाचं भाषांतर त्याने का करावं? नर्सने सांगून झालं की तुम्ही उलट सांगा: 'म्हणजे मी घरी असं असं करायचं, बरोबर?' तिथेच चूक सापडते.

घरी काय करायचं, तेही सांगतो. रात्री मोजे काढल्यावर तळव्याखाली आरसा धरा किंवा घरच्यांना बघायला लावा. रूममेट असला तर त्यालाच सांगा, लाज कसली. बूट घालण्याआधी उलटा करून झटका, आत हात फिरवा. थंडीत पाय हीटरला लावू नका, गरम पाण्याची पिशवी नको. पाण्याचा गरमपणा पायाने नाही, कोपराने बघा. कुरूप ब्लेडने कापू नका. जखमेवर हळद, चुना, तंबाखू काहीही भरू नका. भेगांना मलम लावा, पण बोटांच्या बेचक्यात नको. डायलिसिसच्या खुर्चीत पोटरीखाली उशी घ्या, म्हणजे टाच दाबली जात नाही. लाली, पू, वास, काळं पडलेलं बोट, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा, पुढच्या डायलिसिसपर्यंत थांबू नका.

मेडिकेअरचा पार्ट बी असेल आणि पायाला धोका असल्याचं तुमच्या साखरेच्या डॉक्टरने लिहून दिलं, तर वर्षाला एक जोड खास बूट आणि तीन जोड आतल्या गाद्या मिळू शकतात. साधारण वीस टक्के आपल्याला भरावे लागतात. आपल्यातले कितीतरी लोक हे न मागता वॉलमार्टचा पंधरा डॉलरचा बूट घालून फिरतात. सेंटरमध्ये सोशल वर्कर असणं बंधनकारक आहे, बुटांचा फॉर्म तिच्याकडे मागा. व्हिसावाल्यांसाठी 2025 च्या कायद्याने मेडिकेअरचं दार अरुंद केलंय, तुमचं नक्की काय ते तिलाच विचारा.

कागद नसलेल्यांचं अवघड आहे. काही राज्यांत नियमित डायलिसिस मिळतं, काही ठिकाणी जीव धोक्यात आल्यावरच. पण सडलेला पाय घेऊन हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलात तर 1986 च्या कायद्याने तपासणी करून जीवाचा धोका आवरावाच लागतो, कागद असोत नसोत. बिल नंतर येतं. तेव्हा 'फायनान्शियल असिस्टन्स'चा अर्ज मागा. ना-नफा हॉस्पिटलांना ती योजना ठेवावीच लागते.

मालकाची भीती सगळ्यांनाच असते. 50 किंवा जास्त कामगार असतील, तुम्ही वर्षभर आणि 1,250 तास काम केलं असेल, तर वर्षाला 12 आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, आणि ती तासा-तासानेही घेता येते. पायाच्या डॉक्टरकडे जायला ती वापरा. काम बदलून हवं असेल, दिवसभर उभं राहणं नको असेल, तर डॉक्टरची चिठ्ठी लेखी द्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

आमचा गाववाला आता खुर्चीत बसला की स्वतःच मोजे काढतो. सुरुवातीला टेक्निशियन वैतागला होता. मागच्या महिन्यात शेजारच्या खुर्चीतल्या ग्वाटेमालाच्या आजोबांनीही काढले.