नवी आवृत्ती उशिरा का येते?

आपल्या शाळेच्या संगणक कक्षात डेबियन ही लिनक्स प्रणाली चालते. "घरच्या संगणकावर हाच प्रोग्राम नव्या आवृत्तीचा आहे, मग शाळेत जुना का?" असे विद्यार्थी नेहमी विचारतात. काही पालकांनी तर सुचवले आहे की कक्षातील सगळी यंत्रे डेबियनच्या 'टेस्टिंग' शाखेवर न्यावीत, म्हणजे नवे ते लवकर मिळेल. या सूचनेला आमचा विरोध आहे. विश्वस्त मंडळापुढे विषय येण्यापूर्वी त्याची कारणे सांगितलेली बरी.

डेबियनमध्ये नवे पॅकेज प्रथम 'अनस्टेबल' शाखेत येते. (तिचे टोपणनाव सिड. 'टॉय स्टोरी' चित्रपटातला खेळणी मोडणारा मुलगा तो हाच!) तेथून 'टेस्टिंग'मध्ये जाण्यापूर्वी तातडीनुसार साधारण २, ५ किंवा १० दिवस थांबावे लागते. त्या काळात कोणी गंभीर बग नोंदवला आणि तो टेस्टिंगमधल्या आधीच्या आवृत्तीत नसला, तर पॅकेज तेथेच अडते, मग कितीही दिवस जावोत. ज्या लायब्ररींवर ते अवलंबून आहे त्याही सोबत जाव्या लागतात. एखाद्या मोठ्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली की तिच्या आधाराने चालणारी कितीतरी पॅकेजे एकदम हलवावी लागतात. सहलीच्या बसमध्ये एक मूल कमी भरले तर बस सुटत नाही, तसेच हे. पुष्कळदा आपण ज्याची वाट पाहतो त्या प्रोग्रामात काहीच दोष नसतो. अडलेला असतो भलताच कोणी.

हे थांबणे किती मोलाचे, हे डिसेंबर २०२३ मध्ये दिसले. डेबियन १२.३ ही दुरुस्ती-आवृत्ती निघण्याच्या बेतात होती. तिच्यातील कर्नेलमध्ये असा दोष आढळला की ईएक्सटी४ पद्धतीच्या डिस्कवर लिहिलेली माहिती खराब होऊ शकत होती. कारण वाचण्यासारखे आहे. नव्या कर्नेलमधली एक सुधारणा जुन्या कर्नेलमध्ये आणली गेली, पण ती ज्या दुसऱ्या बदलावर अवलंबून होती तो आणायचा राहिला. दोन्ही मिळून बरोबर, एकटी मात्र घातक. ९ डिसेंबरला काम थांबवले गेले, सध्या अपडेट करू नका असे वापरणाऱ्यांना जाहीर सांगितले गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त कर्नेलसह थेट १२.४ निघाली. विद्यार्थ्यांचे वर्षभराचे प्रकल्प ज्या डिस्कवर आहेत तिच्या बाबतीत आम्हाला असाच सावधपणा हवा आहे.

उशीर हा नेहमीच गुण असतो, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २००२ च्या जुलैमध्ये ३.० आवृत्ती आली आणि ३.१ यायला जून २००५ उजाडला. तोवर बाजारात नवे संगणक आले होते आणि जुनी आवृत्ती त्यांवर बसवताना लोक मेटाकुटीला येत. मधल्या काळात, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच पायावर उभी राहिलेली उबुंटू दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याचे ठरवून निघाली, आणि पुष्कळ जण तिकडे गेले. तेव्हाची तक्रार रास्तच होती. पुढे २००९ मध्ये डेबियनने ठरवले की नवे बदल घेणे ठराविक वेळी बंद करायचे आणि मग उरलेल्या दोषांच्या मागे लागायचे. २०११ पासून २०२५ पर्यंत दर विषम वर्षी एक नवी स्थिर आवृत्ती आली आहे.

'जुनी आवृत्ती' या शब्दांनीही घोटाळा होतो. स्थिर शाखेत पॅकेजचा आकडा सहसा तोच राहतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच आकड्याच्या पॅकेजमध्ये आणून बसवल्या जातात. आकड्यावरून पारख करू नये.

टेस्टिंगवाल्यांसाठी आणखी एक उदाहरण. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या साधनात मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. ती पॅकेजे टेस्टिंगपर्यंत पोचली होती, स्थिर शाखेत नव्हती. वाट पाहण्याचे दिवस सरले, बग कोणी नोंदवला नाही, म्हणून काही अडलेही नाही. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले, त्याने शोध घेतला आणि प्रकार उघडकीस आला. नोंदवलेला बग अपडेट अडवतो म्हणून आपण कुरकुरतो. खरी धास्ती कोणाच्याच नजरेस न पडलेल्या बगची.

म्हणून आमची सूचना अशी. कक्षातील सर्व यंत्रे स्थिर शाखेवरच राहावीत. फक्त एक यंत्र, ज्यावर परीक्षेचे किंवा कार्यालयाचे काम होत नाही, टेस्टिंगवर ठेवावे आणि आठवी-नववीच्या मुलांनी तेथे हवे ते वापरून पाहावे. प्रणाली बसवतानाच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे, तेव्हा मराठी टंकलेखनापासून सुरुवात करता येईल: जोडाक्षरे नीट उमटतात का, छापताना मात्रा सरकते का. दोष दिसला तर "चालत नाही" एवढे लिहून भागत नाही. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती, काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, हे सगळे इंग्रजीत ई-मेलने कळवावे लागते. डेबियनचे काम मुख्यतः स्वयंसेवकांवर चालते. नोंद धड असली तर त्यांचे दिवस वाचतात आणि अडलेले पॅकेज तेवढे लवकर सुटते.

त्यासाठी आठवड्याला एक तास आणि नोंद तपासायला इंग्रजीच्या शिक्षकांपैकी एक जण, एवढेच विश्वस्त मंडळाकडे आमचे मागणे आहे.