वाढत्या गावाचा चौक

गाव वाढू लागले म्हणजे त्याची पहिली वर्दी चौकाला मिळते. जेथे पूर्वी दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर गाडीवान एकमेकांची विचारपूस करून पुढे जात, तेथे आज मालमोटारी, एस.टी.च्या गाड्या, रिक्षा, दुचाकी आणि शाळेला निघालेली मुले एकाच वेळी येऊन भिडतात. कोणी कोणाला वाट द्यावी हे कोणालाच उमगत नाही. मग नगरपरिषदेत ठराव होतो : सिग्नल बसवावा, फलक लावावेत, मधोमध कारंजे उभारून सुशोभीकरण करावे. सुशोभीकरणाने चौक देखणा होतो खरा. परंतु तो ओलांडणाऱ्या म्हातारीच्या उरातील धडधड त्यामुळे कमी होत नाही.

नेदरलँड्सच्या उत्तरेस फ्रीसलँड प्रांतात ड्राख्टन हे गाव आहे. १९५० मध्ये तेथे फिलिप्स कंपनीचा कारखाना आला, गाव झपाट्याने वाढले आणि आज त्याची वस्ती सुमारे ४५,००० आहे. तेथील लावाइप्लेन या चौकातून दररोज सुमारे २२,००० वाहने जात. हान्स मोंडरमन (१९४५–२००८) या वाहतूक अभियंत्याच्या विचारांना अनुसरून एकविसाव्या शतकाच्या आरंभी या चौकाची पुनर्रचना झाली. ती करताना सिग्नल बसवले नाहीत, तर होते तेही काढून टाकले! मध्ये लहानसे वर्तुळ ठेवले आणि फलक जवळजवळ नाहीसे केले. हिरवा दिवा दिसला की वाहनचालक दिव्याकडे पाहतो, माणसाकडे नव्हे. याउलट मनात किंचित शंका उरली की तो आपोआप वेग आवरतो, असा मोंडरमन यांचा सिद्धांत होता. पाहुणे आले की ते त्यांच्याशी बोलत बोलत पाठमोरे त्या रहदारीत शिरत, आणि वाहने त्यांना सांभाळून जात. पुढे चौकातील अपघात घटले, खोळंबाही कमी झाला.

ही कथा ऐकून आपल्याकडेही दिवे आणि फलक उपटून टाकावेत, असे कोणास वाटेल. ते मात्र घातक ठरेल. नजरेला नजर देऊन वाट मागायची, तर ज्याला दृष्टीच नाही त्याने काय करावे? इंग्लंडमधील अंध नागरिकांच्या संस्थांनी नेमका हाच आक्षेप घेतला, आणि २०१८ मध्ये तेथील शासनाने गजबजलेल्या रस्त्यांवर पदपथ व रस्ता एकाच पातळीत आणणाऱ्या अशा योजना थांबविण्याची सूचना केली. शिवाय आपल्या रस्त्यांवर ‘बळी तो कान पिळी’ हाच न्याय चालतो. भरलेली मालमोटार सायकलस्वाराच्या नजरेची वाट पाहत थांबत नाही.

ड्राख्टनकडून घ्यावयाचे ते वेगाविषयीचे शहाणपण. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. म्हणून ताशी साठ किलोमीटर वेगाने घडलेली चूक जीव घेते, तीच तिशीच्या वेगात बहुधा खरचटण्यावर निभावते. हा वेग फलकाने उतरत नाही, रस्त्याच्या आकाराने उतरतो. चौकात शिरणारे तोंड अरुंद करावे, वळण घट्ट ठेवावे, ओलांडण्याची जागा उंचवट्यावर घ्यावी, आणि रस्त्याच्या मध्यावर पादचाऱ्याला क्षणभर उभे राहता येईल असा ओटा ठेवावा. कोपऱ्यावरचा गाड्यांचा थांबाही थोडा पुढे हलवावा. यावर दुकानदार कुरकुर करतील, हे गृहीतच धरलेले बरे.

आणि एवढे सारे करण्यापूर्वी घाईने काँक्रीट ओतू नये. आधी महिनाभर फक्कीच्या रेघा आखाव्यात, वाळूची पोती मांडावीत. शाळा सुटण्याच्या वेळी आणि बाजाराच्या दिवशी अभियंत्याने तेथे स्वतः उभे राहावे. मुले कोठून धावतात, डोक्यावर पाटी घेतलेली बाई कोठे थबकते, वळताना लांब गाडीचे मागचे चाक कोठे चढते, हे पाहावे. रेघ चुकली असेल तर ती पुसून दुसरी ओढण्यास मूठभर फक्की पुरते.