प्रत्यारोपणानंतरचे शंभर दिवस

मूळपेशी प्रत्यारोपण म्हटले की मोठी शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर येते. तसे काही नसते. तीव्र रक्तकर्करोग (अक्यूट ल्युकेमिया) केमोथेरपीने आटोक्यात आला की आणखी कडक औषधांनी रुग्णाची अस्थिमज्जा रिकामी करतात आणि दात्याच्या मूळपेशी रक्ताच्या बाटलीसारख्या शिरेतून चढवतात. त्या आपणहून हाडांत जाऊन रुजतात. भारतात हे १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी प्रथम यशस्वी केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ.

सगळ्यांनाच प्रत्यारोपण लागत नाही. मुलांमधला लिम्फोब्लास्टिक प्रकार बहुतेकदा केमोथेरपीनेच बरा होतो. मायलॉइड प्रकारात किंवा रोग उलटल्यास मात्र ते अनेकदा गरजेचे ठरते. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. चार भावंडे असतील तर त्यांतले एखादे जुळण्याची शक्यता दोन तृतीयांशांहून अधिक. आता अर्धे जुळणारे आई-वडीलही दाते होऊ शकतात. तेव्हा जव्हार-मोखाड्यातल्या कुटुंबाचे घोडे दात्यापाशी अडत नाही.

ते अडते नंतर. रुग्णालयातून सोडल्यावरही साधारण शंभर दिवस जवळच राहावे लागते. नव्या पेशी कधी रुग्णाच्याच कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर उठतात. ताप आला तर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक हवे. मोखाड्याच्या पाड्यावरून खारघरचे प्रत्यारोपण केंद्र गाठायलाच अर्धा दिवस जातो. शिवाय उन्हाळ्यात जिथे टँकरची वाट पाहतात, तिथे उकळलेले पाणी आणि रोजची अंघोळ हे सांगायला सोपे. दिवाळीनंतर वीटभट्टीची उचल घेतलेल्या बापाने शंभर दिवस मुंबईत बसून खायचे काय? सरकारी योजनेच्या पॅकेजात औषधे बसतात, बुडालेली मजुरी बसत नाही. मुलांसाठी सेंट ज्यूडची मोफत निवासकेंद्रे आहेत, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. पण लाखोंच्या उपचाराचे यश धर्मशाळेत खोली मिळण्यावर सोडणे बरे नव्हे. निवास आणि एका पालकाची मजुरी हा उपचाराचाच खर्च धरला पाहिजे.

दुसरी गोष्ट जव्हारमध्येच करता येण्यासारखी आहे. पतंगशाह कुटीर रुग्णालयात रक्तपेशींची मोजणी आणि तापातला प्रतिजैविकाचा पहिला डोस मिळाला, तर पुढच्या कित्येक फेऱ्या वाचतील. त्यासाठी मुंबईहून परतणाऱ्या रुग्णाच्या हाती जाड फाइलबरोबर इथल्या डॉक्टरांसाठी एक पानाचे पत्र हवे. त्यात लसींचा उल्लेख हवाच. प्रत्यारोपणात जुनी प्रतिकारशक्ती बहुतांशी पुसली जाते. सहा महिने ते वर्षभराने बाळपणीच्या लसी पुन्हा सुरू कराव्या लागतात. गोवराची लस दोन वर्षांच्या आत देत नाहीत, नंतरही तज्ज्ञांना विचारूनच. आशाताईंना मात्र कार्डावरचे सगळे रकाने आधीच भरलेले दिसतात.